जोनास थ्रेलचं हलतं थडगं

थडगं हललं, हे मी कुणापाशी बोललो नसतो तर लिटल हॅमरिजमध्ये आजही मी नुसता मिस्टर पॉटल असतो. आता पोस्टात पाकीट टाकायला गेलो तरी खिडकीमागची बाई आधी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरते आणि मग पाकीट घेते. मीही हसतो. दुसरं काय करणार?

झालं ते असं. रविवारची प्रार्थना आटोपून मी बाहेर पडलो तर बुटाची नाडी सुटलेली. आमच्या चर्चच्या दाराला लागूनच जोनास थ्रेलचं थडगं आहे. कमरेइतक्या उंचीची दगडी पेटीच म्हणा ना. चार कोपऱ्यांवर गाल फुगवलेले चार देवदूत, मधोमध कवटी आणि दोन्ही लांब अंगांना मेंढ्यांचा कळप कोरलेला, कारण जोनास लोकरीचा व्यापारी होता. त्या मेंढ्यांपैकी डावीकडून तिसरी हुबेहूब माझ्या सासूबाईंसारखी दिसते, पण ही गोष्ट मी अख्ख्या संसारात ओठांवर येऊ दिलेली नाही. तर मी उजवा पाय थडग्याच्या जोत्यावर ठेवला, डावा खालच्या फरशीवर रोवला, कोपर झाकणावर टेकलं आणि नाडी बांधायला वाकलो. तोच थडगं हललं. फार नाही, एक पाय आखूड असलेली खुर्ची हलते तेवढंच.

दुसरा कुणी असता तर नाडी बांधून घरी जेवायला गेला असता. पण मी चर्चचा वॉर्डन, म्हणजे गावातर्फे तिथली देखभाल बघणारा. वॉर्डन कसा झालो हेही सांगतो. मागच्या सभेत पाद्रीबाईंनी 'कोण पुढे येतंय?' असं विचारलं, तेव्हा सगळे छताकडे बघत होते आणि मी खाली पडलेला चष्मा उचलायला वाकलो. ते वाकणं म्हणजे विनम्र होकार, असं सभेने एकमताने ठरवलं. आमच्याकडे पदं अशीच मिळतात. पण एकदा मिळालं म्हटल्यावर मी ते मनावर घेतलं, आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की जिलियन, म्हणजे माझी बायको, डोक्याला हात लावते.

घरी येऊन मी तिला सांगितलं, "जोनास थ्रेल हलतोय."

ती बटाटे सोलत होती. "तीनशे वर्षांनी का होईना, कंटाळला असेल," ती म्हणाली.

"थट्टा नको. उद्या कुणाच्या अंगावर पडलं तर?"

"डेरिक, माझं एक ऐक. हे कुणाला सांगू नकोस. निदान पावाचा दिवस होईपर्यंत तरी सांगू नकोस."

पावाचा दिवस म्हणजे आमच्या गावाचा जीव की प्राण. जोनासने मरताना एक एकर जमीन गावाला दिली, पण व्यापारीच तो, अटी घालून दिली. मृत्युपत्रात तो म्हणतो: दर ऑक्टोबरात ठरलेल्या दिवशी, दुपारच्या बाराच्या घंटा संपण्याआधी, वॉर्डनने स्वतःच्या हाताने माझ्या थडग्यावर पाव ठेवावा. ठेवावा, फेकू नये; त्याच्या काळातला वॉर्डन गरिबांना कुत्र्यांसारखा पाव फेकायचा, ते जोनासला खपत नव्हतं. मग मागेल त्याला तो द्यावा. ज्याने पाव खाल्ला त्याला, दान झालंच नाही, असं पुढे म्हणता येणार नाही. आणि एक वर्ष जरी हे चुकलं, तरी जमीन माझ्या रक्ताच्या वारसाकडे परत जाईल. हे सगळं पाद्रीबाई दर वर्षी मोठ्याने वाचून दाखवतात आणि दर वर्षी आम्ही त्या वेळात खिशात रुमाल शोधतो.

त्या एकराला आम्ही पावाचं शेत म्हणतो. सगळ्या गावाचे भाजीचे वाफे तिथेच. जिलियनची डेलियाची फुलं तिथे, आणि शेजारच्या मिसेस एनिड टकवेल यांचा वाफाही तिथेच. मिसेस टकवेल चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांचे यजमान आर्थर यांनी लावलेली गूजबेरीची झुडपं अजून फळतात आणि बाई रोज संध्याकाळी तिथल्या बाकावर बसून त्या झुडपांशी बोलतात. आम्ही सगळे लांबून वळसा घालून जातो, म्हणजे त्यांच्या गप्पांत व्यत्यय नको.

आणि वारसही आहे. मिस्टर जॉसलिन थ्रेल, शहरात वकिली करतात. दर वर्षी लांब कोट घालून येतात, कुंपणाशी उभे राहतात, पाव थडग्यावर ठेवलेला बघतात, टोपी उचलून नमस्कार करतात आणि जातात. त्यांचे वडीलही असेच यायचे आणि त्यांचे आजोबाही. थ्रेलांपैकी कुणीही आजवर त्या पावाला शिवलेलं नाही. त्या जमिनीवर छानपैकी नऊ बंगले बसतात, हे त्यांनी एकदा सहज बोलता बोलता सांगितलं होतं.

एवढं सगळं ठाऊक असून मी बिशपच्या कचेरीला कळवलं. का, विचारू नका. रात्री झोप लागेना. डोळे मिटले की देवदूतासकट झाकण कुणाच्या तरी पायावर पडताना दिसायचं, आणि ते पाय नेहमी माझ्या ओळखीचे असायचे.

कचेरीतून मिस्टर गॅदरकोल आले. उंच, बारीक, पिवळं जाकीट घातलेले गृहस्थ. थडग्यापासून चांगलं लांब उभं राहून त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

मी म्हटलं, "जरा हलवून बघा ना."

"धोकादायक वस्तूला हात लावायची मला परवानगी नाही."

"पण ती धोकादायक आहे की नाही हे कसं कळणार?"

"तुम्ही लेखी कळवलंय," ते शांतपणे म्हणाले. "तो पुरावा आमच्याकडे आहे."

मग त्यांनी यादीच सांगितली. दगडाचे तज्ज्ञ येतील. दगडावरचं शेवाळ दुर्मीळ आहे का हे बघायला वेगळ्या बाई येतील. आत वटवाघळं राहतात का ते बघायला आणखी एक. मग प्रकरण बिशपच्या न्यायालयापुढे जाईल. तोवर थडग्याभोवती लोखंडी कुंपण, आणि कुंपणाच्या आत कुणीही जायचं नाही.

"वॉर्डनसुद्धा?"

"वॉर्डनने तर मुळीच नाही. लोक तुमच्याकडे बघून वागतात."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला असं म्हणालं आणि मी जरा सुखावलो, हे कबूल करतो. 'आत जाऊ नये' ही पाटीदेखील मीच रंगवली, रंगाचे चांगले दोन हात देऊन, वळणदार अक्षरात.

आता आमच्या गावात रागावलेला माणूस ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुकानात गेलो तर बोलणं थांबायचं आणि सगळे एकदम हवामानाबद्दल बोलायला लागायचे. दारूच्या गुत्त्याचा मालक बार्नी स्प्रेक, जो एरवी मला 'ए पॉटल' म्हणतो, तो 'या साहेब, बसा साहेब' म्हणू लागला. पाद्रीबाई फिलिपा मॉस यांच्याकडे सात गावांची चर्च आहेत, त्या नेहमीच गाडीत अर्ध्या बसलेल्या असतात. त्यांनी काच खाली करून, "मिस्टर पॉटल, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय," असं सांगितलं आणि गाडी सुरू केली. आणि मिसेस टकवेल हातात काकड्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या.

"डेरिक, तू फार जपून वागलास हो," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे हे वाक्य शिवीच्या इतकं जवळचं आहे की जिलियनने आतूनच भांडं आपटलं. पण मिसेस टकवेल यांच्या तोंडी त्यात शिवी नव्हती. त्या खरंच म्हणत होत्या, आणि काकड्याही त्यांनी निवडून आणल्या होत्या. मला त्या रात्री काकडी गिळवेना.

मग सल्ले सुरू झाले. फाटकाशी कुणी ना कुणी उभंच. एक म्हणाला, बकरीच्या पाठीला पाव बांधून तिला आत सोडा. दुसऱ्याने त्याच्या मेव्हण्याचं उडतं खेळणं देऊ केलं. बार्नी गावाच्या क्रिकेट संघाचा गोलंदाज. तो म्हणाला, "मी इथून टाकतो, बरोबर कवटीवर बसेल."

"फेकायचा नाही, ठेवायचाय. आणि वॉर्डनच्या हाताने."

"मग तुला फेकतो," तो म्हणाला. निदान 'साहेब' तरी गेलं, या समाधानात मी घरी आलो.

तोडगा जिलियनने काढला. बार्नीच्या गुत्त्यात पिझ्झाची भट्टी आहे आणि त्या भट्टीत पिझ्झा सरकवायला लांब दांड्याचं चपटं लाकडी फावडं आहे. त्याला आमच्या कपडे वाळत घालायच्या काठीची जोड दिली की कुंपणाबाहेरून पाव झाकणावर ठेवता येईल. गॅदरकोलांना विचारलं. पुष्कळ विचार करून ते म्हणाले, "फावड्याबद्दल नियमात काही नाही." बिशपच्या कचेरीच्या भाषेत हा आशीर्वादच.

मागच्या अंगणात तालीम सुरू झाली. इस्त्रीचं टेबल म्हणजे थडगं, खुर्च्या म्हणजे कुंपण. पहिला पाव पक्ष्यांच्या पाण्याच्या वाडग्यात पडला. दुसरा टेबलावर अगदी नीट बसला, पण फावडं मागे घेताना टेबलच उताणं झालं. तिसरा आमच्या कुत्र्याने हवेतच झेलला, आणि कुंपणापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. बघतो तर निम्मं गाव शिडीवर, बादलीवर, जे मिळेल त्यावर चढून बघत होतं. माझ्या वयाच्या माणसाने बनियनवर, हातात पिझ्झाचं फावडं घेऊन, इस्त्रीच्या टेबलाला 'हलू नकोस' अशी विनवणी करावी, यातून जे काय व्यक्तिमत्त्व उरतं तेवढंच माझं उरलं होतं. पण शेवटी जमायला लागलं. तीनांतला एक तरी पाव टेबलावर राहायचा.

पावाचा दिवस उजाडला तोच भुरभुर पाऊस घेऊन. सगळं गाव छत्र्यांसकट हजर. मिस्टर गॅदरकोलही पिवळ्या जाकिटात, कुंपण नीट आहे ना ते बघायला आलेले. मिस्टर थ्रेल लांब कोटात, नेहमीच्या जागी. बार्नी घंटा वाजवायला मनोऱ्यात गेलेला. फक्त पाद्रीबाईंचा पत्ता नव्हता. पाचव्या गावात एका बारशाला मुलाच्या नावावरून वाद झाला होता. त्या आल्या त्या धावतच, आणि वाचन करेपर्यंत बारा वाजत आले. मी फावडं उचललं. त्यावर जिलियनने पहाटे भाजलेला पाव ठेवला.

"एक मिनिट," मिस्टर थ्रेल म्हणाले. आवाज अगदी मऊ. "व्यत्यय आणतोय, माफ करा. 'वॉर्डनने स्वतःच्या हाताने' असं आत्ताच वाचलंत ना?"

"माझेच हात आहेत," मी म्हटलं.

"फावड्याला आहेत. पावाला नाहीत."

पाद्रीबाईंनी हातातला कागद पुन्हा वरून खाली वाचायला घेतला. सगळे माझ्याकडे बघू लागले. वर बार्नीला खालचं काय कळणार, त्याने बाराचा पहिला ठोका दिला.

मिसेस टकवेल माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बाहीवर हात ठेवला. "राहू दे, बाळ," त्या म्हणाल्या. "तू फार जपून वागलास. आर्थरची झुडपं... बघू, कुंडीत जगतात का."

पुढचं मला अर्धवटच आठवतं. 'गवतावर चालू नये' असं लिहिलं असेल तर मी आयुष्यात गवताकडे बघितलंही नाही. पण त्या कुंडीचं ऐकलं आणि मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी फावडं जिलियनच्या हातात दिलं, पाव काखेत मारला आणि कुंपणावर पाय टाकला.

"मिस्टर पॉटल," गॅदरकोल ओरडले, "पाटी वाचलीत का?"

"वाचली," मी म्हटलं. "मीच रंगवली."

इथे एखादा धडाडीचा माणूस आत उडी मारून उतरला असता. माझी विजार लोखंडी टोकात अडकली. ठोके पडत होते आणि मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा लोंबकळत होतो. जिलियनने फावड्याने मला मागून सोडवायचा प्रयत्न केला. तो जोरात झाला. विजार टर्रकन फाटली आणि मी हात पसरून, पावासकट, सगळ्या वजनानिशी जोनास थ्रेलच्या झाकणावर पालथा पडलो.

माझं वजन लहान नाही. मी डोळे मिटून देवदूतांच्या कोसळण्याची वाट बघत होतो. वर शेवटचा ठोका पडला, त्याचा घुमारा विरला, आणि काहीही झालं नाही. थडगं केसभरही हललं नाही. माझं डोकं झाकणाच्या कडेवरून खाली लोंबत होतं आणि डावीकडून तिसरी मेंढी माझ्याकडे बघत होती, अगदी सासूबाईंच्या नजरेने.

"पाव कुठे आहे?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"माझ्या पोटाखाली," मी म्हटलं. "आणि पावाखाली माझा हात आहे."

"ठेवलेला आहे!" कुणीतरी म्हणालं.

"पडलेला आहे," मिस्टर थ्रेल म्हणाले. "आणि हे कोर्टात बघावं लागेल. क्षमस्व." त्यांनी टोपीला हात घातला. आणि मला कळून चुकलं की हे बरोबर बोलताहेत, आणि कोर्टात हा माणूस जिंकणार.

तेवढ्यात मिसेस टकवेल पुढे आल्या. "डेरिक, मला पाव दे," त्या म्हणाल्या. मागेल त्याला द्यायचा म्हणून मी तो चपटा झालेला पाव कुंपणावरून त्यांना दिला. त्यांनी सावकाश पर्स उघडली. आतून सुरी काढली, लोण्याची डबी काढली, आर्थरच्या गूजबेरीच्या मुरंब्याची बाटली काढली. पावसात उभ्या राहून त्यांनी एका तुकड्याला लोणी लावलं, त्यावर मुरंबा फासला आणि हळूहळू चालत मिस्टर थ्रेलसमोर गेल्या.

"सकाळपासून उभे आहात, मिस्टर थ्रेल. पोटात काही नसेल तुमच्या. हे घ्या."

वॉर्डनला नाही म्हणणं वेगळं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने पावसात लोणी लावून पुढे केलेल्या घासाला नाही म्हणणं वेगळं. थ्रेल मंडळी कितीही खमकी असली, तरी आमच्याकडच्या माणसांना ज्या तऱ्हेच्या आयांनी वाढवलं, तसल्याच एका आईने त्यांनाही वाढवलंय. त्यांच्या तोंडून शब्द आपोआप निघाले.

"अरे वा. फार आभारी आहे," ते म्हणाले, आणि बाई समोर बघत उभ्या होत्या म्हणून त्यांनी एक घासही घेतला.

त्यांनी दोनदा चावलं, मग थांबले. हातातल्या तुकड्याकडे बघितलं. पाद्रीबाईंकडे बघितलं. पाद्रीबाईंनी अतिशय प्रेमाने मान डोलावली. तीनशे वर्षांत कुणा थ्रेलने केलं नव्हतं ते त्यांच्या हातून झालं होतं: पाव खाऊन दान मान्य केलं होतं, आणि तेही तोंडात घास असताना.

त्यांनी घास गिळला. "मुरंबा छान झालाय," शेवटी ते म्हणाले.

"आर्थरची झुडपं आहेत," मिसेस टकवेल म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बाटली देईन तुम्हाला."

त्या तिथेच रडायला लागल्या, अगदी मोकळेपणाने. मिस्टर थ्रेल यांनी स्वतःचा रुमाल त्यांना दिला. मलाही रडू आलं, पण मी अजून थडग्यावर पालथा होतो, मागे विजार फाटलेली, त्यामुळे माझ्या भावनांकडे कुणाचं लक्ष जाण्यासारखी परिस्थिती नव्हती. जिलियनने स्वतःची रेनकोटाची टोपी काढून मला दिली. मी ती जिथे बांधायची तिथे बांधली.

गर्दी पांगायला लागली तसे मिस्टर गॅदरकोल कुंपणाच्या दाराचं कुलूप काढून आत आले. तज्ज्ञ नसताना थडग्याची ताकद अशी सिद्ध झाल्याने ते जरा नाराज दिसत होते. त्यांनी झाकणाला एक धक्का दिला. दुसरा दिला. जोनास थ्रेल ढिम्म.

"विचित्रच आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी नक्की कुठे उभे होता?"

मी दाखवलं. उजवा पाय इथे, डावा तिथे, कोपर असं. गॅदरकोल अगदी तस्सेच उभे राहिले आणि वाकले. आणि हलले. थडगं नाही, गॅदरकोल हलले. त्यांनी डावा पाय उचलून खालची फरशी दाबली, ती एका कोपऱ्यावर डुगडुगली, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखी.

मागे बार्नी मनोऱ्यातून उतरून उभा होता, पाद्रीबाई होत्या, मिसेस टकवेल होत्या, मिस्टर थ्रेलही रुमालाची वाट बघत थांबलेले होते. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आमच्याकडे अशा वेळी माणसं नुसतं जमिनीकडे बघतात.

गॅदरकोल यांनी खिशातून पेन काढलं. "हं. म्हणजे ही फरशी हलतेय. फरशीबद्दल तुमची लेखी तक्रार आहे का, मिस्टर पॉटल?"

मी जिलियनकडे बघितलं. मग मिसेस टकवेल यांच्याकडे बघितलं. मग डावा पाय त्या फरशीवर घट्ट रोवला, आणि ती माझ्या वजनाखाली डुलत असतानाच गॅदरकोलांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "कुठली फरशी?"